शेवटची बाई पोचली की गट पोचला



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. पाठीवर सॅक, पायात बूट, आणि शनिवार-रविवार दोन दिवस जंगलात, डोंगरात मुक्काम. पुण्या-मुंबईची पोरेपोरी जातात ना, तसे. ते त्याला ट्रेक म्हणतात. 'हे काही आपले काम नाही' असे आम्हालाही वाटायचे.

आम्ही राहुरी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. ऊस, कांदा, गहू, दारात दोन-चार गाया, असा आमचा संसार. गेल्या डिसेंबरात आमच्यातल्या बारा जणी हरिश्चंद्रगडावर जाऊन आलो. धाकटी २४ वर्षांची, सगळ्यात मोठ्या काकू ५८ च्या. एक रात्र वर राहिलो. चढताना आमच्याकडून एक चूक झाली. ती फार महागात पडली असती. ती चूक तुम्हाला सांगायची आहे, आणि तुमचा गट जाईल तेव्हा काय काय सांभाळायचे तेही सांगायचे आहे.

घरातून निघणे

पैशाचे गणित सोपे होते. बचतीच्या वर दर महिन्याला ५० रुपये वेगळे ठेवले. वर्षाला माणशी ६०० झाले, बारा जणींचे ७२००. गाडीचे भाडे, नाक्यावरचे शुल्क, वाटाड्याची मजुरी आणि उतरल्यावरचे एक जेवण त्यात भागले. थोडे कमी पडले ते वर घातले. डाळ-तांदूळ घरचेच.

अवघड होते ते उंबरा ओलांडणे. 'डोंगरात काय ठेवलंय?' हा पहिला प्रश्न. 'धारा कोण काढणार?' हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आधी शोधले, मग पहिला कोणी फारसा विचारला नाही. गटातल्या चौघी या वर्षी येणार नव्हत्या. त्यांनी कोणाच्या धारा, कोणाच्या सासूबाईंची औषधे, कोणाच्या लेकरांचा डबा असे वाटून घेतले. पुढच्या वर्षी त्या जातील आणि आम्ही धारा काढू. हे मिटिंगच्या वहीत लिहून ठेवले आहे.

हरिश्चंद्रगडच का?

याचे कारण आमच्या शेतात आहे. आमच्या पाटाला पाणी येते मुळा धरणातून. बारागाव नांदूरचे हे धरण २६ हजार दशलक्ष घनफुटांचे. पावसाळ्यात बातम्यांत ऐकतो, 'हरिश्चंद्रगड, कोतूळ परिसरात जोरदार पाऊस, धरणात आवक सुरू'. ते नाव ऐकत आम्ही म्हाताऱ्या व्हायला आलो, पण ते पाणी निघते कुठून हे कोणी पाहिले नव्हते. आम्ही पाटाच्या टेलला राहणाऱ्या बाया. टेलच्या माणसाला पाण्याची किंमत जरा जास्तच कळते.

हा गड अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटरहून उंच. हे अभयारण्य १९८६ साली झाले. राज्यातले सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटरचे, तेही याच अभयारण्यात आहे. गडावर जायला बऱ्याच वाटा आहेत. खिरेश्वरहून तोलार खिंडीने एक येते, ती लांब आहे. नळीची वाट तर कसलेल्या लोकांसाठीच. नवख्यांना सोपी ती पाचनई गावातून. आम्ही राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर असे करत पाचनईला गेलो. पहाटे चारला निघालो, साडेनऊला पोचलो.

पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस धरावेत. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण कातळावर शेवाळ असते, धुक्यात चार हात पुढचे दिसत नाही, आणि सकाळी घोटाभर असलेला ओढा दुपारी कंबरेएवढा होतो. एप्रिल-मे मध्ये ऊन सोसत नाही, आणि दुपारनंतर विजा होतात.

पाठीवर किती घ्यायचे?

आपल्याला ओझ्याची सवय आहे. डोक्यावर हंडा, भारा, पाटी आपण रोज वाहतो. पण डोंगरात ओझे डोक्यावर चालत नाही. दोन्ही हात मोकळे लागतात, एक काठीला आणि एक आधाराला. म्हणून ओझे पाठीवर. पोराची शाळेची सॅक चालेल, फक्त पट्टे रुंद आणि शिवण पक्की हवी. कंबरेला पट्टा असला तर फारच चांगले, खांद्यावरचा भार कंबरेवर उतरतो. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवायच्या, हलक्या बाहेरच्या बाजूला.

वजन किती? आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. ५० किलोची बाई असेल तर १० किलो ही शेवटची हद्द. नवखीने सात-आठ किलोत भागवावे. सॅक भरून झाली की धान्याच्या काट्यावर मोजा. आमच्या पहिल्या मोजणीत एकीची सॅक १४ किलो भरली. आत अख्खा लोणच्याचा बरणीडबा निघाला.

पाणी माणशी तीन लिटर, म्हणजे तीन किलो तिथेच झाले. त्याला कात्री लावायची नाही. उरलेल्यात पांघरूण, अंथरायला पोते किंवा चटई, एक जोड कपडे, स्वेटर, बॅटरी, आणि खाणे. खाण्यासाठी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे. ही आपलीच शिदोरी, दोन दिवस टिकते. रात्रीच्या खिचडीला बारा जणींसाठी दोन किलो डाळ-तांदूळ घरीच एकत्र करून, हळद-मीठ घालून नेले. एक पातेले, एक छोटी गॅस शेगडी. अभयारण्यात चूल पेटवायची नाही, लाकूड तोडायचे नाही.

पायात चप्पल नको. तळाला खोल नक्षी असलेले बूट हवेत, आणि ते नवेकोरे नकोत. आधी पंधरा दिवस शेतात घालून फिरा, नाहीतर टाचेला फोड येतात. कपड्यांचे म्हणाल तर आमच्यातल्या दोघी नऊवारीत होत्या. कासोटा घातलेल्या बाईला चढताना काही अडत नाही. पाचवारी मात्र पायात येते.

आमची चूक

पाचनईत वनखात्याच्या नाक्यावर नावे लिहिली, शुल्क भरले, पावती घेतली. गावातला एक दादा वाटाड्या म्हणून घेतला. दहा वाजता चढायला सुरुवात केली.

वाट सुंदर आहे. एका ठिकाणी उंच कातळाच्या पोटाखालून जाते, कडेला लोखंडी कठडा लावलेला आहे. पुढे ओढा आणि गर्द झाडी. सगळ्या जणी खुशीत. तरण्या पुढे, दादांबरोबर गप्पा मारत. काकू मागे. त्यांचे गुडघे दुखतात.

आम्ही त्यांच्यासाठी थांबत होतो बरे का. दर वळणावर थांबायचो. काकू आल्या की 'आल्या काकू, चला' म्हणून उठायचो. असे चार-पाच वेळा झाले. ओढा ओलांडून एका मोकळ्या जागी बसलो आणि डोकी मोजली, तर अकरा.

पाच मिनिटे वाट पाहिली. हाका मारल्या. झाडीत हाक लांब जात नाही. दादा मागे गेले, आमच्यातली एक त्यांच्याबरोबर गेली. बाकीच्या तिथेच बसलो. कोणी बोलेना. काकूंच्या मुलाला काय सांगायचे, हे एकच प्रत्येकीच्या मनात. रेंज नव्हती, आणि असती तरी काय सांगितले असते?

तासाभराने काकू आल्या. ओढ्याच्या अलीकडे वाट फुटत होती. एक वाट गडाची, एक गुरांची. काकू गुरांच्या वाटेला लागल्या. थोडे गेल्यावर वाट झुडपात विरली, तेव्हा त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी जे केले ते आपण सगळ्यांनी पाठ करावे. त्या इकडेतिकडे गेल्या नाहीत, खाली उतरायला लागल्या नाहीत. आहे तिथे दगडावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि डब्याच्या झाकणावर दगड वाजवत राहिल्या. त्या आवाजावरून दादांनी त्यांना शोधले. वाट चुकलेली बाई बसून राहिली तर सापडते, चालत राहिली तर लांब जाते.

आम्ही त्यांना विचारले, 'काकू, आम्ही थांबत होतो की. तुम्ही एवढ्या मागे कशा राहिलात?' काकू म्हणाल्या, 'तुम्ही थांबत होता, खरं आहे. पण मी पोचले की तुम्ही उठायच्या. तुमचा दम खाऊन झालेला असायचा. मी दम कधी खायचा?'

बायांनो, ही आमची चूक. जी सगळ्यात दमलेली, तिलाच विसावा नव्हता, आणि आम्हाला वाटत होते की आपण तिला सांभाळतो आहोत. गटात हप्ता मागे पडलेल्या बाईचेही असेच होते. ती धावतपळत मागचा हप्ता भरते, आणि आपण त्याच मिटिंगला पुढचा मागतो.

मग चाल बदलली

तिथेच बसून नियम ठरवले.

पहिला, सगळ्यात हळू चालणारी बाई वाटाड्याच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरवर. तिच्या पावलाने सगळ्यांनी चालायचे. तिला कोणी ओलांडायचे नाही.

दुसरा, शेवटी एक दणकट बाई. औषधांची पिशवी तिच्याकडे. तिच्या मागे कोणी राहायचे नाही.

तिसरा, विसावा मोजायचा तो शेवटची बाई टेकल्यापासून. ती बसल्यावर दहा मिनिटे.

चौथा, प्रत्येक थांब्यावर आणि प्रत्येक वाट फुटते तिथे डोकी मोजायची. मोठ्याने, आपापला नंबर बोलून.

पाचवा, ओझे ज्याचे त्याचे नाही, गटाचे. काकूंचे पाणी आणि पांघरूण आम्ही तिघींनी वाटून घेतले. त्यांच्याकडे एक लिटर पाणी आणि काठी एवढेच ठेवले.

गावी आल्यावर सहावा जोडला. प्रत्येकीच्या गळ्यात शिट्टी. तीन शिट्ट्या म्हणजे 'मदत हवी'. शिट्टी हाकेपेक्षा लांब ऐकू जाते आणि घसा बसत नाही.

आश्चर्य म्हणजे पुढची वाट आम्ही लवकर चढलो. थांबे कमी झाले, कारण कोणी धापा टाकत नव्हते. दोनच्या सुमाराला बाराही जणी देवळासमोर उभ्या होतो.

वर काय आहे?

हरिश्चंद्रेश्वराचे दगडी देऊळ पाहताना मान दुखते, इतके कोरीव आहे. चांगदेवांनी इथे तप केले असे मानतात. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. आत कंबरभर थंडगार पाणी, मधे मोठे शिवलिंग, भोवती चार खांब होते, त्यातला एकच शाबूत आहे.

संध्याकाळी कोकणकड्यावर गेलो. हा कडा आत वळलेला आहे. काठावर उभे राहायचे नाही. वारा जोराचा असतो आणि काठाचा दगड ढिला असू शकतो. बघायचे तर पोटावर झोपून, मागे दुसरीने पाय धरून. फोटोसाठी काठाला पाठ करून कोणी उभे राहत असेल तर तिला ओढून आणा, रुसली तर रुसू द्या. सूर्य कोकणात बुडाला तेव्हा आमच्यातल्या एकीला रडू आले. वीस वर्षांत तिने मावळता सूर्य नुसता बसून पाहिला नव्हता. त्या वेळी तिचे हात कायम शेणात नाहीतर पिठात.

रात्री गुहेत झोपलो. मुक्कामाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून खाली नाक्यावर विचारूनच ठरवा. गुहेत झोपताना आधी बॅटरीने कोपरे पाहायचे, बूट सकाळी झटकून घालायचे.

जे कोणी विचारत नाही ते

परसाकडे कुठे जायचे? पाण्यापासून आणि वाटेपासून निदान शंभर पावले लांब. वीतभर खोल खड्डा, नंतर माती लोटायची. अंधारात दोघींनी मिळून जायचे. जायला लागू नये म्हणून पाणी कमी पिणे हा आपल्या बायांचा जुना रोग आहे. डोंगरात त्याने चक्कर येते, पेटके येतात. पाणी प्यायचेच.

पाळी आली तर घरी बसायचे कारण नाही. दोन-तीन जादा पॅड किंवा कपडे, कागद, आणि तोंड बांधता येईल अशी जाड पिशवी घ्यायची. वापरलेले पॅड पुरायचे नाही, जाळायचे नाही, पिशवीत घालून घरी आणायचे. जनावरे पुरलेले उकरून काढतात.

औषधांच्या पिशवीत चिकटपट्टी, लवचीक पट्टी, जंतुनाशक मलम, तापाच्या गोळ्या, ज्या-तिची रोजची औषधे, आणि मीठ-साखर. एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. जुलाब, उलटी, उन्हाने गळाठा, सगळ्याला हे पहिले औषध. टाक्याचे पाणी नितळ दिसले तरी उकळून प्यायचे.

साप चावला तर कापायचे नाही, चोखायचे नाही, करकचून बांधायचे नाही. बांगड्या, जोडवी, पैंजण काढायचे, कारण सूज येते. बाईला चालवायचे नाही. दोन काठ्या आणि पांघरूण यांची झोळी करून खाली आणायचे आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. सर्पदंशाची लस तिथे मिळते. जवळचा दवाखाना कोणता हे चढायच्या आधीच गावात विचारून ठेवा. मदतीचे नंबर ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८.

आग्या मोहोळ दिसले तर आवाज बंद, धूर नाही, अत्तर-पावडर नाही. वीज कडकडली तर एकट्या झाडाखाली आणि कड्यावर थांबायचे नाही.

आणि निघताना गावात एका घरी नावे, फोन नंबर आणि 'रविवारी दुपारी दोनपर्यंत उतरू' असे लिहून द्या. उतरल्यावर तिथे सांगून जा. आपण वेळेत आलो नाही तर शोधायला रात्री बॅटऱ्या घेऊन निघतात ते गावातलेच लोक. त्यांना विनाकारण धावायला लावू नये.

पाणी आपलेच आहे

रविवारी उतरल्यावर पाचनईत एका ताईंकडे जेवलो. नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा. ट्रेकच्या दिवसांत त्या आलेल्या लोकांना जेवण करून घालतात, हंगामाला हिरडा गोळा करतात. आम्ही त्यांना म्हणालो, 'तुमचं नशीब, एवढ्या सुंदर जागी राहता.' त्या हसल्या. म्हणाल्या, 'सुंदर आहे, पण उन्हाळ्यात पाण्याला लांब जावं लागतं. आणि सोमवारी बाटल्या वेचाव्या लागतात.'

आमच्या हातातला घास थांबला. गडावरचे पाणी मंगळगंगेतून मुळेला मिळते. मुळा कोतूळवरून खाली येते, धरणात अडते, आणि पाटाने आमच्या वावरात. पाऊस इथे पडतो, कांदा आमचा भिजतो, आणि या ताई उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब जातात. वर कोणी टाकलेली कुरकुऱ्याची पिशवी ओढ्याला लागली तर ती आमच्याच दिशेने येणार. आम्ही टेलच्या आहोत. सगळ्यांनी टाकलेले शेवटी आमच्याकडे पोचते.

म्हणून जाताना आमच्याकडे पाण्याच्या विकतच्या बाटल्या नव्हत्या, आणि येताना दोन गोण्या भरून होत्या. आमच्या कचऱ्याने एक अर्धीही भरली नव्हती. बाकी वाटेत वेचलेले. तुम्ही गेलात तर शिदोरी घरची न्या, पण एक वेळचे जेवण खालच्या गावातल्या बाईकडेच घ्या, ठरलेला पैसा रोख द्या, घासाघीस करू नका. वाटाड्याही गावातलाच घ्या. आपल्याला वाट कळते, त्यांना चार पैसे मिळतात.

काकूंचे गुडघे नंतर आठवडाभर दुखले. आम्ही विचारले, 'काकू, पुढच्या वर्षी?' त्या म्हणाल्या, 'पुढच्या वर्षी धारा काढायचा माझा नंबर आहे. त्याच्या पुढच्या वर्षी येते. पण मी दुसऱ्या नंबरवर चालणार, आधीच सांगते.'

तर मैत्रिणींनो, पुढच्या मिटिंगला हा विषय काढून बघा. गड जवळचा निवडा, पहिल्यांदा एक दिवसाचा करा, मग मुक्कामाचा. महिन्याला ५० रुपये बाजूला टाका. आणि पहिल्याच दिवशी आपल्या गटात सगळ्यात हळू कोण चालते हे बघून ठेवा. तिला मागे नाही, पुढे ठेवा. शेवटची बाई पोचली की गट पोचला.